मुदत कोणाच्या हाती?

मंडळी, पाडवा आला की मराठवाड्यात म्हणा, विदर्भात म्हणा, सालगड्याचे साल ठरते. पुढच्या पाडव्याला साल भरते, हिशेब होतो. काम पसंत पडले तर धनी त्याला पुन्हा ठेवतो, नाहीतर दोघेही मोकळे. आता समजा, साल भरत आले असताना गडीच म्हणाला, "धनी, माझे साल मीच वर्षभराने वाढवून घेतले आहे!" धनी काय म्हणेल? ही गोष्ट हसण्यासारखी वाटते खरी. पण देशाच्या कारभारात असे घडले आहे.

थोडे मागे जाऊ. १९०२ साली नामदार गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले, ते काही तुमच्या-आमच्या आजोबांच्या मतांवर नव्हे. मुंबई कायदेमंडळातल्या बिनसरकारी सभासदांनी त्यांचे नाव सुचवले आणि सरकारने ते मान्य केले. पुढे १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती असेंब्ली आली. तिची मुदत तीन वर्षे. मत मात्र ज्याच्याजवळ जमीनजुमला, जो ठरावीक सारा-पट्टी भरणारा, अशा थोड्यांनाच. आणि मुदत वाढवण्याची किल्ली गव्हर्नर जनरलच्या कमरेला! १९३४ साली निवडलेली असेंब्ली त्याने वाढवत वाढवत १९४५ पर्यंत चालवली. तीन वर्षांची सभा अकरा वर्षे बसली. महायुद्धाचे निमित्त सांगावे, तर पहिली वाढ युद्धाच्या आधीच मिळाली होती.

स्वतंत्र भारताच्या घटनेने हा हिशेब बदलला. मत प्रत्येक सज्ञान माणसाला मिळाले. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ पासून ती १८ वर आली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. सुमारे २८ लाख बायकांची नावे मात्र यादीतून गळाली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते.

लोकसभेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षे. राष्ट्रपती ती आधीही विसर्जित करू शकतात. राज्यसभेची तऱ्हा निराळी. तिचे बहुतेक सभासद राज्यांच्या विधानसभांचे आमदार निवडतात, आणि १२ जणांची नेमणूक राष्ट्रपती करतात. सभासदाची मुदत सहा वर्षे. पण सभा कधीच विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. मग १९५२ साली सगळेच एकदम निवडून आले, तेव्हा आधी कोणी जायचे? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या! कोणाच्या वाट्याला दोन वर्षे आली, कोणाच्या चार, कोणाच्या पुरती सहा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आणीबाणी जाहीर असेल तर संसद कायदा करून लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्षाने वाढवू शकते, अशी सोय घटनेत आहे. १९७१ च्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू होती, विरोधी पक्षांचे अनेक पुढारी तुरुंगात होते. संसदेने मुदत एक वर्ष वाढवली, आणि त्याच साली पुन्हा आणखी एक वर्ष. शिवाय ४२ व्या घटनादुरुस्तीने पाचाची सहाच वर्षे केली.

त्या वेळी पुण्याचे मधु लिमये बिहारमधल्या बांका मतदारसंघाचे खासदार होते आणि तुरुंगात होते. लोकांनी आपल्याला ज्या मुदतीसाठी पाठवले ती भरली, यापुढे खुर्चीवर आपला हक्क नाही, या विचाराने त्यांनी राजीनामा दिला. शरद यादव या तरुण खासदारानेही तेच केले. बाकीचे बसून राहिले.

जानेवारी १९७७ मध्ये लोकसभा विसर्जित झाली. मार्चमध्ये धन्याने हिशेब केला आणि सत्ताधारी पक्ष हरला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली आणि आणीबाणी लावण्याच्या अटीही कडक केल्या. तरी आणीबाणीत मुदत वाढवण्याची ती सोय घटनेतून गेलेली नाही. ती शहाणपणाने वापरली जाते की नाही, यावर डोळा ठेवणे आपल्याकडेच आहे.

गुरुजी, 'लोकसभेची मुदत पाच वर्षे' हे मुले पाढ्यासारखे पाठ करतात. करू द्या. पण ही मुदत पुढाऱ्याच्या सोयीची नाही, हिशेब मागण्याचा तो आपला पाडवा आहे, एवढे त्यांना जरूर सांगा. पाडवा चुकला, की कोण धनी आणि कोण गडी, हेच कळेनासे होते.