मातीच्या बैलापासून एकास बारा मोटारसायकलपर्यंत

श्रावणी अमावस्या जवळ आली की मराठवाड्यातल्या हदगावच्या बाजारात मातीच्या बैलांच्या जोड्या दिसू लागतात. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, त्यांच्या घरी पोळ्याला हीच जोडी पाटावर मांडली जाते. तिला हळदकुंकू लागतं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. अशा घरांच्या अंगणात आज बहुधा मोटारसायकल उभी असते. जी वस्तू रोजचं ओझं वाहते तिचं लहान रूप हातानं घडवावं, ही ओढ गोदावरीच्या खोऱ्यात फार जुनी आहे. मोटारसायकलचं बारकाव्यांसह मॉडेल पहिल्यांदाच जोडायला घेणारा मुलगाही त्याच ओढीनं कामाला बसतो.

या ओढीचा सर्वांत देखणा पुरावा १९७४ साली मिळाला. प्रवरेकाठच्या दायमाबादमध्ये छबू लक्ष्मण भिल यांना झुडपाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. पण लांब दांडी, जुवाला जुंपलेले बैल, मागे उभा असलेला सारथी, काहीही सुटलेलं नाही. बहुतेक अभ्यासक या वस्तू उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. धातूतल्या घटकांवरून काहींनी त्या काळनिश्चितीवर शंकाही घेतली आहे. काळाचा वाद चालू राहो. ज्यानं हा रथ ओतला, त्यानं खरा रथ जवळून, पुन्हा पुन्हा पाहिला होता, एवढं त्या दांडीकडे आणि जुवाकडे पाहिलं की कळतं.

मराठवाड्यातल्या पोरांनी हे काम धातूशिवाय केलं. ज्वारीची काढणी झाली की वाळलेल्या धांड्याची साल सोलायची, आतला हलका गाभा कापायचा आणि सालीच्याच टोकदार काड्या त्यात खोचून बैलगाडी उभी करायची. ना खिळा, ना डिंक. दांडी, जू, साटा, चाकं सगळं एका धांड्यातून निघायचं. जोडकामाचा संच शेतातच उगवायचा. कुठला भाग आधी बसवायचा, कुठला शेवटी, हे छापील कागदावर नसायचं; दारातली बंडी पाहूनच ते ठरायचं.

त्या बंडीचं चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांचं सामायिक काम. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव मुद्दाम किंचित लहान करायची, तापवून लाल झाली की पुठ्ठ्यांवर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की सगळे सांधे घट्ट बसत. धांड्याच्या गाडीत धाव नसली तरी चाक फिरलंच पाहिजे, ही अट तिथेही पाळली जाई.

हदगावहून पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेलं की विदर्भ लागतो. तिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असं मानलं जातं. चाकं लावलेल्या लाकडी बैलाला दोरी बांधून ओढणारं मूल खेळता खेळता त्याची शिंगं, वशिंड आणि झूल नीट न्याहाळतं.

प्लास्टिकच्या मॉडेलांचा एक धागाही शेताच्या बांधाशीच जुळतो. लंडनच्या एअरफिक्स कंपनीनं १९४०च्या दशकाच्या अखेरीस फर्ग्युसन ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल बनवलं. ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी ते गिऱ्हाइकाला दाखवावं हा हेतू होता. पुढे तेच सुटे भाग करून विकलं जाऊ लागलं. जपानमध्ये शिझुओकाच्या तामिया कंपनीची सुरुवात १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून झाली. लाकडी मॉडेलं करता करता ती १९६०च्या सुमारास प्लास्टिककडे वळली आणि पुढे एकास सहा नि एकास बारा प्रमाणातल्या मोटारसायकलींसाठी जगभर ओळखली गेली.

महाराष्ट्रातही हा छंद घरापुरता राहिला नाही. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी एकास सत्त्याऐंशी प्रमाणात रेल्वे आणि तिच्याभोवतीचं सबंध शहर उभं केलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, फाटे, पूल, धावत्या गाड्या पाहून लहानथोर तिथे तासन्‌तास रमतात.

मोटारसायकल तर मराठवाड्यातच बनते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पुढे तिथल्या गाड्या खेडोपाडी पोचल्या. ज्या रस्त्यानं बंडी कापूस घेऊन बाजाराला जायची, त्याच रस्त्यानं दुधाचे कॅन, खताची पोती आणि शाळेची मुलं दुचाकीवर जाऊ लागली.

एकास बारा म्हणजे खऱ्या गाडीच्या बारा मिलिमीटरला मॉडेलमध्ये एक मिलिमीटर. दोन मीटर लांबीची गाडी साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास येते; तीन मिलिमीटर जाडीचा आरा पाव मिलिमीटरचा होतो. म्हणून पहिल्या मॉडेलसाठी आऱ्यांऐवजी अलॉय चाकांची गाडी घेतलेली बरी. काम बहुधा इंजिनापासून सुरू होतं. भाग चौकटीतून पक्कडीनं कापायचा, कापलेली कड बारीक पॉलिश पेपरनं घासायची, आधी चिकटवल्याशिवाय बसवून पाहायचा. प्लास्टिकचा पातळ गोंद दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो, त्यामुळे चुकीचा सांधा सोडवणं अवघड जातं. रंग लावलेल्या पृष्ठभागावर तो नीट धरत नाही. जिथे जोड बसणार तिथला रंग खरवडावा लागतो. इंजिन सांगाड्यात बसलं की मागचा फोर्क, साखळी, चाकं, सायलेन्सर आणि शेवटी टाकी. टाकीवर रंगाचे पातळ थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, मग पाण्यात भिजवलेली अक्षरं सरकवत जागेवर आणायची.

संचाबरोबर आलेला नकाशा भाग कुठे बसतो ते सांगतो. वापरलेली गाडी कशी दिसते ते सांगत नाही. ते पाहायला हदगावच्या बसस्थानकाजवळचं कुठलंही गॅरेज पुरेसं आहे. सायलेन्सरचा वाकलेला भाग तापून पिवळसर-निळा झालेला असतो, साखळीच्या तेलावर धूळ बसून काळी पुटं चढलेली असतात, पायाच्या घर्षणानं गिअरच्या पेडलवरचा मुलामा उडालेला असतो, पावसाळ्यात मडगार्डच्या आतून काळी माती वाळून चिकटलेली असते. संचातून मिळणाऱ्या गाड्या बहुतेक जपानी किंवा इटालियन असतात. मिस्त्रीची परवानगी घेऊन एखाद्या जुन्या बजाज बॉक्सरची मापं टेपनं आणि व्हर्निअरनं उतरवून घेतली, बाराने भागली, तर प्लास्टिकचा पत्रा, तांब्याची तार आणि रबरी नळी एवढ्या सामानात आपल्या रस्त्यावरची गाडी टेबलावर उभी राहू शकते. दुसऱ्या मॉडेलासाठी हे काम हाती घ्यायला हरकत नाही.