उडणारा वर, बघणारी खाली : फाळके, प्रभात आणि सुपरहिरो

सुपरहिरो सिनेमांवरच्या भागाचा हा लेखी मजकूर. ज्यांना एक तास ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी. बोलताना जिथे वाहवत गेलो होतो तिथे कात्री लावली आहे, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

विषय साधा आहे. ‘आजवरचा सगळ्यात भारी सुपरहिरो सिनेमा कुठला?’ आमच्या ऑफिसात हिंजवडीच्या बसइतका वेळ या प्रश्नावर सहज जातो. आणि दरवेळी तीनच नावं येतात. १९७८चा ‘सुपरमॅन’, २००८चा ‘द डार्क नाइट’ आणि २०१८चा ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’. मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे हे कधी होणार? मराठीत कुठे तेवढं बजेट?

मला हा प्रश्नच उलटा वाटतो. कारण माणूस उडवायचा कसा, आणि तो उडाला हे लोकांना पटवायचं कसं, यावर पुण्यात डोकं चालवलं जात होतं तेव्हा सुपरमॅनचा पहिला कॉमिक अंकसुद्धा निघाला नव्हता. तो निघाला १९३८ साली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा आहे.

थांबा, लगेच रागावू नका. तुकोबांना मी सुपरहिरो म्हणत नाहीये. त्या फरकाकडे येतोच. आणि हॉलिवुडवाल्यांनी प्रभातचे सिनेमे बघून काही उचललं, असाही माझा दावा नाही. मला एवढंच म्हणायचंय की दोघांसमोरचा प्रॉब्लेम एकच होता, आणि आपल्या लोकांनी तो ज्या पद्धतीने सोडवला ती पद्धत हाताशी धरली की त्या तीन सिनेमांतलं काय खरं भारी आहे ते नीट कळतं.

सुरुवात फाळक्यांपासून. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी फोटोग्राफर होते, छपाईतले जाणकार होते, आणि जादूगारही होते. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करायचे. फाळके उलटं वाचा. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जादूगाराला एक गोष्ट पक्की माहीत असते. अर्धी जादू हातात असते आणि अर्धी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर.

१९१९चा ‘कालिया मर्दन’ घ्या. कृष्ण झालीय फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात वर्षांच्या आसपास. सिनेमा सुरू होतो तो गोकुळात नाही, तर थेट या पोरीच्या चेहऱ्यावर. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. म्हणजे फाळके आधीच सांगून टाकतात, ही माझी मुलगी आहे, हा अभिनय आहे, आता बघा. आणि तरीही पुढे आपण तिला कृष्ण मानतो.

आता ‘सुपरमॅन’मधला तो प्रसंग आठवा. लोइसच्या घरात क्लार्क केंट उभा आहे, ती आतल्या खोलीत. तो चष्मा काढतो, खांदे सरळ करतो, पाठ ताठ होते, आणि क्षणभर समोर सुपरमॅन उभा राहतो. ट्रिक शून्य. ख्रिस्तोफर रीव्हचं शरीर, बास. ते सगळे उडण्याचे शॉट एका बाजूला आणि हे काही सेकंद एका बाजूला. मंदाकिनीचा तो चेहरा आणि रीव्हचे ते खांदे, दोन्हींत साठेक वर्षांचं अंतर आहे, पण युक्ती एकच.

‘कालिया मर्दन’मध्ये दुसरीही एक गोष्ट आहे. कृष्ण डोहात उडी मारतो, पाण्याखाली नागाशी झुंज सुरू होते, आणि फाळके मध्येमध्ये काठावर जातात. तिथे गाव जमलंय, जीव टांगणीला लागलाय. झुंज बघून आपल्याला जेवढं टेन्शन येतं त्यापेक्षा काठावरची माणसं बघून जास्त येतं. आजच्या भाषेत ‘रिअॅक्शन शॉट’. हा विषयाचा कणा आहे, लक्षात ठेवा.

थोडं तंत्राबद्दल, कारण इंजिनियरला राहवत नाही. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा. एकाच चौकटीत दोन प्रतिमा आणायच्या तर फिल्म एकदा एक्स्पोज करायची, कॅमेऱ्यातच उलटी गुंडाळायची, आणि मोजून त्याच जागेपासून पुन्हा फिरवायची. चुकलं तर दोन्ही शॉट गेले. आम्ही आज लेयर टाकतो, नाही आवडला तर काढतो. त्यांना अन-डू नव्हतं.

फाळक्यांचं हे लोण कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे पोचलं, अर्थात त्यांच्या स्वतःच्या वाटेने. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पुण्यात आर्यन थिएटरला लागला. मंडईजवळ आज जिथे आपण ‘आर्यन’ पार्किंगमध्ये गाडी लावायला रांगेत थांबतो ना, तेच हे आर्यन. भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. आणि या बाबूरावांच्या कंपनीत तयार झालेल्या चौघांनी, म्हणजे दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी, सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १९२९ साली कोल्हापुरात प्रभात काढली. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. आज त्या जागेत एफटीआयआय आहे.

पुण्यात आल्यावरचा पहिला सिनेमा ‘अमृतमंथन’, १९३४. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनच्या डोळ्याचा पडदाभर क्लोजअप शांतारामबापूंनी टेलिफोटो लेन्सने घेतला. लोक त्या डोळ्याला घाबरले. अप्पा बळवंत चौकातलं प्रभात टॉकीज याच सिनेमाने सुरू झालं. खलनायकाचा चेहरा हाच सगळ्यात मोठा स्पेशल इफेक्ट असतो हे ‘द डार्क नाइट’ बघून जगाला पुन्हा पटलं, पण हीथ लेजरच्या जोकरआधी आपल्याकडे तो डोळा होता. असो, हे जरा विषयांतर झालं.

आता मुख्य मुद्दा. दामले-फत्तेलाल या एकाच जोडीने दोन संतपट केले. ‘संत तुकाराम’ १९३६, ‘संत ज्ञानेश्वर’ १९४०. दोन्हींत चमत्कार आहेत. ‘ज्ञानेश्वर’मध्ये तर जास्तच आहेत आणि ट्रिक म्हणून जास्त सफाईदार आहेत. रेडा वेद म्हणतो, चांगदेव वाघावर बसून येतो, भावंडं बसलेली भिंत चालू लागते. चालणारी भिंत आजही बघायला मजा येते. तरीसुद्धा जगाने डोक्यावर घेतला तो ‘तुकाराम’. मुंबईत सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून जास्त चालला, आणि १९३७च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला.

का? माझं उत्तर : आवली.

‘तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस मुख्य भूमिकेत आहेत आणि ते अप्रतिमच आहेत. पण सिनेमा जमिनीवर धरून ठेवते ती गौरी, म्हणजे तुकोबांची बायको जिजाई, आपली आवली. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा विठ्ठलाच्या नादात. ही बाई एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात जाते, पांडुरंगाला मारायला. चमत्कारपटात देवावर पायताण उगारणारी बाई! ती तिथे आहे म्हणून चमत्काराला किंमत येते. कारण तिला चमत्कार नकोच आहे, तिला जोंधळा हवा आहे.

कीर्तनाचा प्रसंग बघा. शिवाजी महाराज कीर्तनाला बसलेत, त्यांना पकडायला शत्रूचे शिपाई येतात, आणि बघतात तर गर्दीत जिकडेतिकडे शिवाजीच. एकाचे अनेक करणं ही तांत्रिक करामत आहेच. पण गंमत बघा, कीर्तनात दंग झालेल्यांचा यातला वाटा किती? शून्य. गोंधळतात ते शिपाई. इथे चमत्कार शिपायांच्या नजरेतून घडतो. आणि तुकोबा? ते गातायत. त्यांनी काहीच ‘केलेलं’ नाही.

हाच तो फरक, ज्याकडे येतो म्हणालो होतो. सुपरहिरोकडे शक्ती असते आणि ती कशी वापरायची हा त्याचा पेच असतो. तुकोबांकडे शक्ती नाही, आणि जे काही आपसूक चालून येतं तेही ते परत पाठवतात. महाराजांनी पाठवलेला नजराणा घरात आल्यावर पोरांना झालेला आनंद, आणि मग तो परत करायचा म्हटल्यावर घराचं जे होतं, ते बघून मला तरी दरवेळी आवलीचीच बाजू घ्यावीशी वाटते. कुठल्याही मार्व्हलच्या सिनेमात हिरोच्या त्यागाचं बिल घरच्यांनी भरलेलं इतकं स्वच्छ दाखवलेलं मी पाहिलं नाही.

शेवटी वैकुंठाहून गरुडाचं विमान येतं. तुकोबा तिलाही चल म्हणतात. ती संसारात, चुलीत, पोराबाळांत. विमान वर जातं आणि ती खाली राहते. खरं सांगायचं तर तो गरुड आज खेळण्यातला वाटतो. तरी घशात आवंढा येतोच, कारण आपण गरुडाकडे बघत नसतो.

हा निकष घेऊन आता आपले तीन सिनेमे.

‘सुपरमॅन’मध्ये उडण्यासाठी झोरान पेरिसिक या तंत्रज्ञाने एक भन्नाट पद्धत वापरली. मागचं दृश्य टाकणारा प्रोजेक्टर आणि समोरचा कॅमेरा, दोघांनाही झूम लेन्स, आणि दोन्ही झूम एकमेकांना बांधलेले. दोन्ही एकदम झूम झाले की मागचं दृश्य आहे तेवढंच राहतं, आणि एका जागी टांगलेला नट मात्र आपल्याकडे झेपावतोय असं दिसतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दहा मिनिटं कागदावर आकृत्या काढत बसलो होतो. पण प्रेक्षक टाळ्या कधी वाजवतो? हेलिकॉप्टरला लोंबकळणारी लोइस आणि खाली रस्त्यावर माना वर करून उभी असलेली गर्दी दिसते तेव्हा. पुन्हा काठावरचं गोकुळ.

‘द डार्क नाइट’ने चित्रीकरणाची पद्धतच हलवली. मोठ्या कथापटातले काही प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतले, शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक उलटवला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर नामांकन मिळालं नाही, त्यावर ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी अकादमीने त्या विभागातली नामांकनं पाचाची दहा केली. पण सिनेमाचा कळस कुठे आहे? दोन बोटींत. साधी माणसं आणि कैदी, हातात एकमेकांच्या बोटी उडवायचं बटण. बॅटमॅन तिथे नाहीच.

‘स्पायडर-व्हर्स’ने अॅनिमेशनवाल्यांची एक सवय मोडली. सेकंदाला चोवीस फ्रेम्स म्हणजे गुळगुळीत, आणि गुळगुळीत म्हणजे चांगलं, अशी ती सवय. इथे शिकाऊ माइल्स सुरुवातीच्या काही प्रसंगांत बारा चित्रांवर हलतो आणि मुरलेला पीटर चोवीसांवर. पोरगं नवखं आहे हे संवादातून नाही, फ्रेमरेटमधून कळतं. त्यानंतर आलेल्या ‘पुस इन बूट्स : द लास्ट विश’सारख्या सिनेमांत हा खडबडीतपणा सरळ दिसतो. तीनांपैकी मला हाच जास्त आवडतो, कारण यात ट्रिक आणि माणूस वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्याकडे ही वाट पुढे मुंबईत चालू राहिली. १९३७च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या आणि ‘काळा धागा’ हे नाव मिळवलं. त्या अदृश्य माणसापासून १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’पर्यंत सरळ रेघ आहे. आणि अदृश्य हिरो म्हणजे तर माझ्या मुद्द्याचं टोकच. पडद्यावर फक्त बघणारेच उरतात. हनुमानाची मूर्ती गुंडांना बडवते तेव्हा आपण अनिल कपूरला नाही, मार खाणाऱ्यांच्या थोबाडाकडे बघून हसतो.

मराठीत निखिल महाजनने २०१५ साली ‘बाजी’ केला, श्रेयस तळपदेला घेऊन. मुखवटा, घोडा, गाव. फारसा चालला नाही. पण प्रयत्न बघण्यासारखा आहे, आणि त्याच्या अडचणी मला तरी बजेटच्या वाटल्या नाहीत. त्यात आवली नव्हती.

एक गोष्ट राहिली, आणि ती बोलताना भागात मी घाईत उरकली होती. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातल्या वॉल्टला आग लागली. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते, विझवता विझत नाही. प्रभातची मूळ नायट्रेट रिळं त्यात गेली. सिनेमे गेले नाहीत, कारण पी. के. नायर आणि फिल्म अर्काइव्हच्या लोकांनी आधी प्रती करून ठेवल्या होत्या. पण प्रतीची प्रत म्हणजे करडे रंग सपाट होतात, कडा विरघळतात. तेव्हा मोबाइलवर ‘संत ज्ञानेश्वर’ लावून ‘ही ट्रिक किती कच्ची दिसते’ असं कुणी म्हणालं, तर त्यातला किती कच्चेपणा १९४०चा आणि किती त्यानंतरचा, हे ठरवायला लागणारी मूळ वस्तू आता लॉ कॉलेज रोडवर नाही.

‘संत तुकाराम’ ऑनलाइन सापडतो, सव्वादोन तासांच्या आत संपतो. शक्यतो मोठ्या स्क्रीनवर बघा आणि आवलीबद्दल काय वाटलं ते कळवा. पुढच्या भागात हंटरवाली नाडिया.