नेल्सनचा कोट

ट्रफाल्गारचा विजय पुस्तकांत वाचावा. त्याची किंमत मात्र लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय नाविक संग्रहालयांत, एका निळ्या कोटावर, पाहावी.

नेल्सन दरबारी पोशाख चढवून मुद्दाम शत्रूच्या बंदुकांपुढें उभा राहिला, अशी आख्यायिका आहे. कोट निराळीच साक्ष देतो. तो रोजच्या वापरांतला साधा गणवेश आहे. छातीवरील चार मानचिन्हेंही धातूचीं नव्हेत, जरीनें भरून कायमचीं शिवलेलीं आहेत. उजवी बाही तर अधिकच बोलकी. १७९७ सालीं टेनेरीफच्या लढाईंत त्याचा उजवा हात गेला; रिकामी बाही छातीवरच्या गुंडीला अडकवितां यावी म्हणून तिच्या टोकाला काळ्या फितीचा लहानसा फासा लावलेला आहे. वीराच्या पुतळ्यांत असा फासा कोण पाहतो?

डाव्या खांद्याशीं छिद्र आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं दुपारीं ‘रदूताब्ल’ या फ्रेंच जहाजावरून आलेली गोळी तेथून शिरून पाठीचा कणा भेदून पाठीच्या स्नायूंत रुतली. शस्त्रवैद्य बीटी यानें ती मागाहून काढली, तेव्हां खांद्यावरच्या जरीचे धागे तिला चिकटलेले होते.

लढाईपूर्वीं त्यानें लेडी हॅमिल्टनला लेखी राष्ट्राच्या हवालीं केलें होतें. राष्ट्रानें तिच्याकडे पाहिलें नाहीं. कोट तिला मिळाला. पण कर्जापायीं तो लंडनच्या एका नगरपित्याकडे गेला, आणि १८१५ सालीं कॅले येथें ती दारिद्र्यांत वारली. १८४५ सालीं प्रिन्स अल्बर्टनें तोच कोट १५० पौंडांना विकत घेऊन ग्रीनिचला दिला.