खर्जाची कळ

खर्ज दूरवर पोहोचविणे मोठे जिकिरीचे काम. अमेरिकेतील नृत्यवृंदांत माणसाएवढा डबल बेस असे. परंतु ढोल-ट्रम्पेटच्या कल्लोळात त्याचा स्वर बुडून जाई. लिओ फेंडर यांनी १९५१ साली पडद्यांची विद्युत बेस गिटार आणली, आणि १९५२ साली तिच्याकरिता 'बेसमन' हा ध्वनिवर्धक.

तथापि नुसता आवाज वाढवून भागेना. वाजविणारा हात बदलला की कळही फिरवावी लागे. डेट्रॉइटच्या 'मोटाऊन'चे जेम्स जेमर्सन जाड, गुळगुळीत तारा एकट्या तर्जनीने छेडीत; त्यांच्या 'अँपेग'वर खर्जाची कळ पुरती चढविलेली व तारस्वराची मध्यावर असे, असे सांगतात. स्वर कसा गोल, मऊ! लॅरी ग्रॅहम यांची तऱ्हा निराळी. आईच्या वाद्यमेळात ढोलवादक उरला नाही, तेव्हा ते अंगठ्याने तारच ठोकू लागले. या ठोक्याची धार तारस्वरात; ती कळ उतरविली की ठोका बोथट झालाच म्हणून समजावे.

गंमत अशी, की 'बेसमन' पुढे गिटारवादकांनीच पळविला. लंडनच्या जिम मार्शल यांचा १९६२चा पहिला ध्वनिवर्धक त्याच्याच नमुन्यावर बेतलेला होता.