नसलेल्या रेणूचा शोध

'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे शाळेतलं वाक्य बहुतेकांना अजून पाठ असतं. (तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया हो.) पण त्या केंद्रात ऊर्जा तयार होते कशी, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणालाच कळलेलं नव्हतं. आणि ज्याने सांगितलं, त्याचं बरीच वर्षं कुणी फारसं ऐकलं नाही.

आपण खाल्लेल्या पोळीचं ग्लुकोज होतं, ते पेशीत टप्प्याटप्प्याने मोडतं आणि त्यातली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत भरली जाते. अंगात एका वेळी जेमतेम 50-100 ग्रॅम एटीपी असतं, पण तेच पुन्हा पुन्हा चार्ज होत दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतकं वापरलं जातं! एटीपी सापडलं 1929 मध्ये, जर्मनीत लोमानला आणि हार्वर्डमध्ये फिस्के आणि आपल्या यल्लाप्रगडा सुब्बारावांना. (सुब्बारावांवर खरं तर वेगळा लेख हवा.) 1937 मध्ये क्रेब्जने त्याचं प्रसिद्ध चक्र मांडलं. म्हणजे इनपुट माहीत, आउटपुट माहीत, मधला डबा बंद.

1953 साली बिल स्लेटरने अंदाज केला की ऊर्जा आधी कुठल्यातरी मधल्या रेणूत साठत असणार आणि तो ती एटीपीला देत असणार. तर्क सरळ होता. ग्लुकोज मोडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांत असे रेणू खरोखरच सापडले होते. मग काय, मोठमोठ्या प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. 1963 मध्ये पॉल बॉयरला तो सापडल्यासारखं वाटलं, पण तो निघाला भलत्याच अभिक्रियेतला.

एडिंबरामधल्या पीटर मिचेलने 1961 मध्येच लिहिलं होतं की असा रेणू नाहीच. अन्नातली ऊर्जा वापरून मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून प्रोटॉन बाहेर ढकलले जातात. बाहेर गर्दी, आत टंचाई. ते परत आत घुसतात तेव्हा त्या ओघावर एटीपी बनतं. कोयनेचं धरण आठवा. ऊर्जा पाण्याच्या एखाद्या खास थेंबात नसते, पातळीतल्या फरकात असते. आयुष्यभर रेणू वेगळे काढण्यात घालवलेल्यांना हे पचणं कठीणच होतं.

या कल्पनेने एक जुनं कोडंही सुटलं. 1933 पासून अमेरिकेत डीएनपी नावाचं रसायन वजन कमी करायला घेतलं जायचं. माणसं बारीक व्हायची, पण काही जण अंग भयंकर तापून मेली, आणि 1938 मध्ये ते बंद झालं. डीएनपी प्रोटॉनना पडद्यातून आरपार नेतं. धरणाला भोक! अन्न जळत राहतं, एटीपी बनत नाही, सगळी नुसती उष्णता. हे विष आजही इंटरनेटवर चोरून विकलं जातं. जिममध्ये कुणी सुचवलं तर तिथून पळा.

असो. 1963 मध्ये अल्सरने बेजार झालेल्या मिचेलने नोकरी सोडली. कॉर्नवॉलमध्ये ग्लिन हाउस नावाचा पडका वाडा दुरुस्त केला आणि घरच्या पैशांवर तिथेच प्रयोगशाळा थाटली. वर्क फ्रॉम होमचा याहून भारी नमुना मला तरी माहीत नाही :-) सोबत होती जेनिफर मॉइल. उंदरांच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियाला ऑक्सिजन दिला की प्रोटॉन खरंच बाहेर पडतात, हे दोघांनी मोजून दाखवलं. नोबेलमध्ये तिचं नाव नाही, हे मला खटकतं.

1966 मध्ये जागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवकं आम्लात भिजवून अंधारात अल्कधर्मी द्रावणात टाकली. प्रकाश नाही, तरी एटीपी बनलं, निव्वळ फरकाच्या जोरावर. 1974 मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी तर कमालच केली. सोयाबीनच्या स्निग्ध पदार्थांचे बुडबुडे, त्यात एका सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा प्रोटॉन पंप आणि बैलाच्या हृदयातलं एटीपी बनवणारं एन्झाइम. उजेड पाडला, एटीपी तयार! इतक्या वेगवेगळ्या जीवांचे सुटे भाग जोडून चालले म्हटल्यावर मधल्या रेणूला जागाच उरली नाही.

1978 मध्ये मिचेलला एकट्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि बॉयर? ते एन्झाइम गोल फिरत एटीपी बनवतं, असं त्याने पुढे मांडलं. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी त्या एन्झाइमचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष फिरताना टिपला आणि त्याच वर्षी बॉयरलाही नोबेल मिळालं.