कांदा, मंद आच आणि न लिहिलेली पाककृती

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी साजरी होते. चातुर्मासात कांदा वर्ज्य, म्हणून त्याला निरोप देताना भजी, थालीपीठ, झुणका असा बेत होतो. वर्ज्य पदार्थाचाही सण करणारी ही संस्कृती दुसऱ्या एका निषेधाबाबत मात्र मौन पाळते. कांद्यात मंद आचेवर शिजवलेले मोठ्या जनावराचे मांस महाराष्ट्रातील अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या खाल्ले गेले. पण त्याचा उल्लेख ‘मोठ्याचं’ एवढ्या आडवळणाच्या शब्दानेच होत राहिला.

हिंजवडीतील आमच्या घरी हा पदार्थ अधूनमधून होतो. आज अर्थातच म्हशीच्या मांसाचा. चाकणच्या बाजारातला कांदा मांसाच्या निम्म्या वजनाने घ्यावा, उभा चिरून जाड बुडाच्या पातेल्यात तांबूस परतावा. त्यात आले-लसूण, हळद, तिखट, मीठ व मांस घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून अडीच-तीन तास मंद आचेवर सोडावे. आत पाणी फारसे घालावे लागत नाही. कांदा आणि मांस आपापले पाणी सोडतात. राबलेल्या जनावराच्या स्नायूंतील चिवट भाग सावकाश विरघळून रस दाट होतो. घाई केली तर मांस वातड राहते.

कृती एवढीच. प्रश्न असा, की ती आपल्या वाङ्मयात कोठे आहे?

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) वाचताना अन्न भेटते ते प्रामुख्याने भूक आणि अपमान यांच्या रूपात. ही साक्षीची भाषा आहे आणि साक्ष देणाऱ्याला चवीबद्दल बोलणे परवडत नाही. चव सांगितली, तर दैन्याचेच समर्थन केल्यासारखे होईल, ही भीती त्यामागे असावी. या संकोचाला इतिहासही आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाचा संबंध अस्पृश्यतेच्या उगमाशी जोडला. ज्या अन्नाच्या निमित्ताने माणूस गावाबाहेर ठेवला गेला, त्याचा त्याग हा स्वाभिमानाचा भाग ठरला. म्हणजे या पदार्थाभोवतीचे मौन दुहेरी आहे: एक तिरस्कारातून लादलेले, दुसरे आत्मसन्मानासाठी स्वीकारलेले. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

हे मौन अलीकडे भंगले. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नस्मृतींचे पुस्तक सिद्ध केले. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ, वाळवलेल्या मांसाच्या चान्यांसह, तेथे पाककृती म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षी, मार्चमध्ये, १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि गायीपाठोपाठ बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परराज्यातील कत्तलीचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. कृती ग्रंथात आली आणि तिचा एक मूळ घटक त्याच सुमारास कायद्याने स्वयंपाकघरातून गेला, अशी ही चुकामूक आहे.

आपण वर्गात आत्मकथने शिकवतो तेव्हा अन्नाच्या प्रसंगांवर विद्यार्थी कणव व्यक्त करतात आणि आपण समाधान मानतो. एक साधी गोष्ट मात्र आपल्या नजरेतून सुटते. आत्मकथन बहुधा भूतकाळात लिहिले जाते, पाककृती विध्यर्थात. ‘चिरावा’, ‘परतावा’, ‘सोडावे’ या क्रियापदांत कोणीतरी पुन्हा हे करील, असा विश्वास गृहीत असतो. ‘आम्ही हे खाल्ले’ आणि ‘हे असे शिजवावे’ या दोन वाक्यांमधील अंतर कापायला मराठीला ‘बलुतं’पासून सदतीस वर्षे लागली. अन्नाचा इतिहास शिकवायचा, तर त्या अंतराचाही शिकवावा लागेल.