देवमूर्तींवरील चिन्हे व संज्ञा : भाविकांसाठी परिचय

पार्से गावी श्रीभगवतीचे दर्शन घेताना आपली दृष्टी प्रथम मुखावर स्थिरावते. मूर्तिशास्त्र मात्र देवतेची ओळख हातांवरून पटवते. हातातील शस्त्र वा वस्तू म्हणजे आयुध, बोटांची ठेवण म्हणजे मुद्रा, बैठक म्हणजे आसन, आणि मूर्तीमागील कमान म्हणजे प्रभावळ. उजवा-डावा हात नेहमी देवतेचा धरावयाचा, पाहणाऱ्याचा नव्हे.

देवीमाहात्म्यानुसार भगवतीची आयुधे देवांनी अर्पण केलेली आहेत : त्रिशूळ शंकराचा, चक्र विष्णूचे, शंख वरुणाचा, धनुष्य वायूचे, वज्र व घंटा इंद्राची, तर वाहन सिंह हिमालयाने दिलेला. म्हणून महिषासुरमर्दिनीच्या अनेक हातांत सर्व देवांचे तेज एकवटलेले असते. वस्त्रालंकारांमुळे ही आयुधे बहुधा झाकली जातात. अभिषेकसमयी ती अवश्य पाहावीत.

प्रभावळीच्या माथ्यावरील उग्र मुख म्हणजे कीर्तिमुख. शिवाज्ञेने स्वतःचेच शरीर भक्षण करणाऱ्या गणाचे ते मुख होय, अशी पुराणकथा आहे.

काही चिन्हे हिंदू व बौद्ध कलेत समान आहेत. कमळ दोहोंत शुचितेचे. अभयमुद्रा दोहोंत आश्वासनाची. भूमिस्पर्शमुद्रा मात्र बुद्धाची खास खूण. दोन हत्ती जलाभिषेक करीत असलेली कमलस्थित देवी सांची व भारहूत येथील बौद्ध शिल्पांत आढळते. काही अभ्यासक तिला बुद्धमाता मायादेवी मानतात. आपल्याकडे हीच गजलक्ष्मी केळबाय या नावाने पुजली जाते. डिचोली तालुक्यात मुळगावची केळबाय सर्वश्रुत आहे. त्याच तालुक्यातील लामगावची लेणी मूळची बौद्ध असावीत, असे मानले जाते. आज तेथे शिवलिंग व नंदी आहेत. बार्देशातील कोलवाळ येथे फादर हेरास यांना १९३० साली मस्तकविरहित बुद्धमूर्ती सापडली. ती मुंबईच्या हेरास संस्थेत नेण्यात आली.

सर्वच चिन्हे कोरीव नसतात. सातेरीचे रूप म्हणजे रोयण, अर्थात वारूळ. त्यास ना मुख, ना आयुध. पेडण्याच्या उत्सवांतील वस्त्रांनी मढविलेले तरंग हेही देवतेचेच चिन्ह.

जीर्णोद्धाराच्या वेळी झिजलेले पाषाण ‘भग्न’ म्हणून विसर्जित करण्याची प्रथा आहे. आमच्या मते तत्पूर्वी त्यांचे छायाचित्र व मोजमाप घेऊन जाणकारांस दाखवावे. अस्पष्ट झालेले दोन हत्ती दिसले, तर तो पाषाण केळबायचा असण्याचा संभव असतो, आणि गावच्या इतिहासाचा तोच कधीकधी एकमेव पुरावा असतो.